दारातून मागे वळून विचारलेला प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी झालेल्या माणसाच्या घरचे लोक तपासणी संपली की उठतात, दारापर्यंत जातात आणि मागे वळतात. "डॉक्टर, हातापायांतली ताकद गेली हे कळलं. पण ह्यांचे पाय इतके गार का पडतात? पोट का साफ होत नाही?" आज त्या दारातल्या प्रश्नाबद्दल बोलतो.

आपण ठरवून जे स्नायू हलवतो, त्यांना हुकूम देणाऱ्या चेतापेशी या आजारात हळूहळू मरतात. १८६९ मध्ये पॅरिसच्या सालपेट्रिएर रुग्णालयात चेतातज्ज्ञ शार्को यांनी त्याचं वर्णन केलं. नाडी, घाम, आतडी, लाळ यांचा कारभार मात्र आपल्याला न विचारता चालतो. तो बघते स्वायत्त चेतासंस्था. ती या आजारात शाबूत राहते, असं आम्ही विद्यार्थी असताना घोकलं होतं. ते पूर्ण खरं नाही, पण पूर्ण खोटंही नाही.

लघवी आणि शौचाचं दार आवळून धरणाऱ्या स्नायूंच्या पेशींचा एक छोटा पुंजका मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी असतो. १८९९ मध्ये चेतातज्ज्ञ ओनुफ यांनी तो दाखवला, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. शेजारच्या पेशी मरतात, हा पुंजका बहुधा वाचतो. म्हणून वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचाही लघवीवर ताबा असतो. अडचण असते ती वेळेत पोहोचण्याची. रात्री कुणाला उठवायला नको म्हणून पेशंट संध्याकाळपासून पाणी पिणंच सोडतो. मग पोट घट्ट होतं, आणि आम्ही आतड्यांना दोष देत बसतो.

आतड्यांचाही वाटा असतोच. काही पेशंटांत जठर आणि मोठं आतडं संथ चालतं, असं तपासण्यांत दिसलं आहे. त्यात हालचाल नाही, कुंथायला पोटाच्या स्नायूंत जोर नाही. आपल्याकडे लगेच इसबगोल आणतात. पण इसबगोलाला भरपूर पाणी लागतं, आणि पातळ पाण्याच्या घोटाला ज्याला ठसका लागतो त्याला ते द्यायचं कसं? पाणी कमी पडलं तर इसबगोल आतच गोळा होऊन बसतो. अशा माणसासाठी दुसरं औषध डॉक्टरांना विचारून घ्या.

लाळेचं निराळं आहे. लाळ जास्त तयार होते असा समज आहे. निरोगी माणसाच्या तोंडातही दिवसाला लिटरभर, कधी जास्तच लाळ येते. आपण ती नकळत गिळतो, इतकंच. गिळणं मंदावलं की ती ओठांवरून ओघळते. चारचौघांत रुमाल हनुवटीशी धरून बसावं लागणं माणसाला चालता न येण्याइतकंच लागतं, हे मी पाहिलं आहे. तोंड सुकवणारी औषधं आहेत, लाळेच्या ग्रंथींत बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात. पण तीच सुकवणारी औषधं कफ चिकट करतात, बद्धकोष्ठता वाढवतात, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडवू शकतात. डोस जपूनच वाढवावा लागतो.

आता गार पाय. पाय हलत नाहीत, त्यामुळे रक्त खाली साचतं, सूज येते, आणि त्वचेच्या रक्तवाहिन्यांचं नियंत्रणही काहींत बिघडतं. जाड मोजे घाला, पाय उंचावर ठेवा. गरम पाण्याची पिशवी मात्र सांभाळून. या माणसाला चटका कळतो, पण पाय मागे घेता येत नाही. आणि बोलणं गेलं असेल तर सांगताही येत नाही.

हृदयाबद्दल थोडंच सांगतो. काहींची नाडी बसल्या जागी जलद असते, श्वासाबरोबर होणारे तिचे बारीक चढउतार कमी झालेले असतात. जपानमध्ये व्हेंटिलेटरवर दीर्घकाळ जगलेल्या काही पेशंटांत रक्तदाब एकदम चढतो आणि कोसळतो, असंही नोंदलं गेलं आहे. घरी चालत्या-फिरत्या पेशंटाला याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

धास्ती घ्यायची तर दुसऱ्याच गोष्टीची. रात्री घाम फुटतो, नाडी धावते, झोप मोडते. घरचे म्हणतात, आता नसांमुळे घामही यायला लागला. पुष्कळदा ते नसांचं नसतंच. आडवं झाल्यावर श्वासाचे दमलेले स्नायू कमी पडतात आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. अशा माणसाचं सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं आणि दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते. हे असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. दारातून मागे वळून नव्हे, खुर्चीत बसल्या बसल्या पहिल्यांदा तेच सांगा. रात्रीचा श्वास तपासून गरज असेल तर बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन लावता येतं.

नमस्कार.