अलार्म घेण्याआधी : गाडी रात्री कुठं उभी असते?

मंडळी, मोटारसायकलला कोणता अलार्म बसवू, असं विचारत माणूस दुकानात आला की मी त्याला किंमत सांगत नाही. आधी विचारतो, गाडी रात्री कुठं उभी असते? अंगणात, गल्लीत, भाड्याच्या खोलीखाली, की शेतातल्या आखाड्यावर? अलार्म गाडीला धरून ठेवत नाही, तो फक्त ओरडतो. ते ऐकणारं कुणी जवळ असेल आणि ऐकून उठून येणार असेल, तरच त्या ओरडण्याला अर्थ. निवड इथून सुरू होते. रिमोट किती बटणांचा, सायरनमध्ये आवाज किती प्रकारचे, हे नंतरचं.

शेतापासूनच बघू. रब्बीत रात्रीची लाइन आली की माणूस पाणी द्यायला निघतो, गाडी रस्त्याच्या कडेला लावतो आणि दोन-तीन शेतं ओलांडून आत जातो. सायरनच्या डब्यावर १२० डेसिबल छापलेलं असतं. तो आकडा खरा धरला तरी तो सायरनच्या तोंडाजवळचा असतो. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे एक मीटरवर १२० असलेला आवाज १०० मीटरवर ८० होतो. त्यात सायरन पॅनलच्या आत दडपलेला आणि तुमच्या कानाशी विहिरीवरच्या मोटरची घरघर. ऐकू आलंच, तरी ओल्या सऱ्यांतून धावत रस्त्यावर पोचेपर्यंत काय होईल ते तुम्हीच सांगा. म्हणून शेतावर जाणाऱ्याला मी म्हणतो, सायरनवर पैसे कमी घाला. एक जाड साखळी घ्या, गाडी खांबाला नाहीतर झाडाला बांधा, आणि इंजिन चालूच होऊ नये अशी सोय करून घ्या. मोबाइलवर जागा दाखवणारं जीपीएस यंत्र चांगलं, पण त्यात सिमकार्ड असतं, त्याला रिचार्ज लागतो आणि रेंज लागते. बालाघाटाच्या डोंगरात, तांड्यावर रेंज कुठं जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

इंजिन बंद ठेवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण फसवणूक इथंच होते. जुन्या १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत चावी बंद केली म्हणजे सीडीआयची, म्हणजे ठिणगी देणाऱ्या डब्याची, एक वायर बॉडीला अर्थ होते आणि ठिणगी मरते. चावीच्या स्विचचं काम एवढंच. चोरानं स्विचकडं जाणारी वायर तोडली की ते अर्थिंगही गेलं. म्हणून अलार्मचा रिले, म्हणजे करंटवर चालणारा छोटा स्विच, चावीच्या स्विचच्या जवळ बसवून उपयोग नाही, तो सीडीआयच्या अगदी जवळ, टाकीखाली बसला पाहिजे. १ एप्रिल २०२० पासूनच्या, धुराच्या नव्या नियमाच्या बीएस-६ गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यात बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. तिथं गाडीतल्या पेट्रोल पंपाचा वीजपुरवठा रिलेतून न्यायचा. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, वायरींना हात लावायचा नाही.

आता रिलेच्या पाठीवरचे आकडे बघा. ३० नंबरला लाइन येते, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, आणि बाहेर जायला दोन वाटा, ८७ आणि ८७ए. कॉइलला करंट नसताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात, करंट आला की ३० आणि ८७. पंपाची लाइन मी कायम ८७ए वरून काढतो. अलार्म चालू असताना कुणी गाडी सुरू करायला गेलं तरच कॉइल ओढेल आणि पंपाची लाइन तुटेल. कुणी म्हणेल, चोरानं अलार्मची वायर तोडली की गाडी मोकळी झाली. बरोबर आहे. उलट जोडणी केली, म्हणजे लाइन ८७ वरून काढली, तर ती पळवाट बंद होते, हेही खरं. पण मग अलार्मचा डबा बिघडला, पाणी गेलं, की जालना रोडवर मागे ट्रक असताना चालत्या गाडीचं इंजिन बंद पडणार. गाडी गेली तर दुसरी घेता येते. त्यावर बसलेलं आपलं लेकरू मला जास्त मोलाचं वाटतं. याच कारणानं, रिमोटचं बटण दाबून चालती गाडी बंद करता येते अशी जाहिरात असलेला अलार्म मी बसवत नाही आणि तुम्हीही घेऊ नका.

गल्लीतल्या गाडीचं गणित याच्या उलट. तिथं ऐकणारी माणसं दहा पावलांवर असतात, पण त्यांनी कान बंद करू नयेत हे आपल्या हातात आहे. वाळूजच्या कारखान्यांजवळ रांजणगाव, बजाजनगरकडं बघा. शिफ्टवरून आलेल्यांच्या गाड्या एकाला एक चिकटून उभ्या, बाजूनं भरलेले ट्रक जातात. अलार्मचा हादरा ओळखणारा सेन्सर जास्त तिखट ठेवला की एकेक ट्रकला दहा गाड्या बोंबलतात. चार रात्री असं झालं की पाचव्या रात्री कुणी खिडकीही उघडत नाही. लांडगा आला रे आला, तसंच. म्हणून सेन्सरची तीव्रता कमी-जास्त करता येते का, हे डबा उघडायच्या आधी विचारा. आधी इशाऱ्याचे दोन-तीन टिकटिक आवाज आणि हलणं चालूच राहिलं तर पूर्ण सायरन, अशी दोन पायऱ्यांची सोय असलेला अलार्म गल्लीला योग्य. सायरन अर्ध्या-एक मिनिटात आपोआप थांबला पाहिजे. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजारी कुणी आजारी असतं, कुणाची परीक्षा असते.

लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या पोरांना तर मी वायरिंगचा अलार्म सुचवतच नाही. डिस्क ब्रेक असेल तर आवाज करणारं डिस्क लॉक घ्या. त्याची बॅटरी त्याच्यातच, गाडीची एकही वायर कापायची नाही. मात्र लॉकपासून हँडलपर्यंत रंगीत दोरी बांधा. लॉक विसरून गाडी पुढं ढकलली तर डिस्क वाकते आणि माणूसही पडतो. पुढं ड्रम ब्रेक असेल तर हे लॉक बसणार नाही, साखळीच घ्या.

बसवताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बॅटरीकडं. अलार्म गाडी बंद असतानाही करंट खातो. १०० सीसीच्या गाडीत बॅटरी असते ३-४ अँपिअर-तासांची. अलार्म १५ मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ३६० मिलिअँपिअर-तास गेले. ३ ची बॅटरी चार दिवसांत अर्ध्यावर येते, मग सेल्फ कुरकुरतो आणि दोष बॅटरीवाल्याला. रोज गाडी चालवणाऱ्याला हे जाणवत नाही. पण बीड-केजकडची माणसं ऊसतोडीला गेली की गाडी महिनोन्महिने घरी उभी. अशा गाडीला अलार्म चालू ठेवून जाऊ नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि गाडी ओसरीतल्या कडीला साखळीनं बांधा. घेताना डब्यावर स्टँडबाय करंट, म्हणजे बंद गाडीत अलार्म खातो तो करंट, बघा. १० मिलिअँपिअरच्या आत असेल तर बरं, ५ च्या आत असेल तर उत्तम.

काम सुरू करताना आधी निगेटिव्ह काढायची, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट. अलार्मच्या पॉझिटिव्ह वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी चांगली. नुसतं पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड मे महिन्यात सुटतो. आपल्याकडं पारा ४२-४३ वर गेला की टेपचा गोंद पातळ होतो आणि त्यात धूळ बसते. जोड सोल्डर करा, वर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवून गरम करा. सेन्सरचा डबा चेसिसला घट्ट टेकवून केबल टायनं आवळा. फोमवर ठेवला तर धक्का त्याला कळतच नाही. सायरनचं तोंड खाली, म्हणजे पाणी साचणार नाही, आणि सायलेन्सरपासून लांब. डब्यातून लोंबणारी बारीक वायर अँटेना असते. तिला कापू नका, गुंडाळून लोखंडाला चिकटवू नका, नाहीतर रिमोट पाच पावलांवरूनही चालणार नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलच्या कपलरला, म्हणजे वायरी एकमेकींत अडकवायच्या खोबणीला, बसणारी जोडणी मागा. आणि विमा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई नसते. पूर्ण विमा असेल आणि गाडी गेली, तर त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद द्या, विमा कंपनीला कळवा. कंपनी दोन्ही चाव्या मागते. दुसरी चावी गाडीच्या डिकीत ठेवणारे बरेच जण आहेत, ती आजच काढून घरी ठेवा.

मी करंट मोजायचा मल्टिमीटर बरोबर आणला आहे. ज्यांच्या गाडीला अलार्म आहे त्यांनी बाहेर साइड पॅनल उघडून ठेवा. निगेटिव्हच्या वाटेत मीटर लावून तुमचा अलार्म बंद गाडीत किती खातो ते एकेकाचं बघू. मीटर लागलेला असताना चावी मात्र कुणी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जातो.