झुकलेलं दिसावं, पण पडू नये: भुताटकीचं जिंजरब्रेड घर

मंडळी, भुताटकीचं जिंजरब्रेड घर, म्हणजे सुंठ-मसाल्याच्या कडक बिस्किटांचं घर, करायचं म्हटलं की बहुतेकांचा हात आधी काळ्या रंगाच्या बाटलीकडे जातो. पण हे काम सुरू होतं ते पुठ्ठ्यावर. पडका वाडा वाटावा असं घर हवं असेल, तर त्याचा तिरकेपणा साच्यातच काढावा लागतो. सरळ भिंती वाकड्या चिकटवून तो येत नाही. तशा सांध्यात फट राहते, सगळा भार जोडणाऱ्या आयसिंगवर, म्हणजे साखरेच्या लेपावर, पडतो आणि छप्पर ठेवलं की घर बसतं.

म्हणून आधी मापं. पुढची आणि मागची भिंत १४ सेंटिमीटर रुंद, कडेला १२ उंच, टोकाला २२. बाजूच्या भिंती १६ बाय १२, त्या पुढच्या-मागच्या भिंतींच्या मध्ये बसतील. आता छपराचं टोक मधोमध न घेता २ सेंटिमीटर एका बाजूला सरकवा. मग एक पाखी लांब होईल, एक आखूड: २० बाय १५ आणि २० बाय १३. एवढ्यानेच घर झुकल्यासारखं दिसतं, पण खालची कड सरळ असल्यामुळे ते भक्कम उभं राहतं. मागच्या भिंतीसाठी साचा उलटा करून कापायचा. हे विसरलं तर चांगली बाजू बाहेर ठेवताना मागचं टोक विरुद्ध दिशेला जातं आणि छप्पर बसतच नाही. पीठ मळण्याआधी पुठ्ठ्याचे तुकडे चिकटपट्टीने जोडून पाहा, चूक तिथेच कळते.

पिठाचं प्रमाण असं: मैदा ६०० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी १५०, पिठीसाखर १५०, काकवी २५०, सुंठपूड दोन चमचे, दालचिनी दोन चमचे, लवंग आणि जायफळ मिळून पाऊण चमचा, चिमूटभर मीठ. परदेशात यात मोलॅसिस घालतात. आपल्या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळाची काकवी सहज मिळते आणि ती इथे छान चालते. काळपट घर हवं तर ६० ग्रॅम मैदा कमी करून तेवढी कोको पावडर घ्या. सोडा किंवा बेकिंग पावडर अजिबात नको. खायच्या बिस्किटाला ती हवी, पण इथे फुगलेला तुकडा म्हणजे गोल झालेली कड आणि न जुळणारा सांधा.

काकवी, साखर आणि लोणी मंद आचेवर विरघळवा, उकळू देऊ नका. कोमट झालं की मैद्यात घालून मळा. कोरडं वाटलं तरच एकेक चमचा पाणी. गोळा झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवा, लाटताना कडक वाटला तर थोडा वेळ बाहेर. लाटायचं थेट बेकिंग पेपरवर, ५ मिलिमीटर जाड. दोन्ही कडांना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवल्या की लाटणं त्याखाली जात नाही. साचा ठेवून कापल्यावर तुकडा उचलायचा नाही, त्याच्या भोवतीचं पीठ उचलायचं. उचललेली भिंत ताणली जाते आणि ताणलेली भिंत मापात राहत नाही. मग कागदासकट ट्रे १५ मिनिटं फ्रिजमध्ये.

ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आधी तापवून १७० अंशांवर, मधल्या कप्प्यात, मोठे तुकडे १५ ते १८ मिनिटं. धुराडं, दार, वाळकी झाडं असे छोटे तुकडे वेगळ्या ट्रेमध्ये, कारण ते आधी करपतात. कोको घातला असेल तर रंगावरून अंदाज येत नाही, कडेला बोट लावून बघा: कड घट्ट हवी, मध्य किंचित मऊ चालेल. खिडक्या भाजण्याआधी कापून ठेवा, आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांत त्यात पिवळ्या-नारिंगी लिमलेटच्या गोळ्यांचा चुरा भरा. तो वितळून काच होतो. पूर्ण गार होईपर्यंत कागद सोडवू नका.

आता वेळेवर करायचं काम. ट्रे बाहेर आला की मिनिटभरात साचा पुन्हा ठेवून कडा पिझ्झा कटरने सरळ कापून घ्या. पीठ भट्टीत थोडं पसरतंच, आणि गार झाल्यावर कापायला गेलं तर भिंतच तडकते. एखादा मिलिमीटर राहिला तर थंड कड बारीक किसणीवर घासता येते. मग सगळे तुकडे सपाट जाळीवर एक दिवस उघडे वाळू द्या. आपल्या सोलापूरच्या कडक भाकरीसारखी भिंत वाजली पाहिजे. वाकली, तर १५० अंशांवर आणखी पाचेक मिनिटं.

जोडायला रॉयल आयसिंग: एका अंड्याच्या पांढऱ्या भागाला साधारण २०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाचे थेंब. कच्चं अंडं नको असेल तर मेरिंग पावडर घ्या, मात्र तीही अंड्याचीच असते. पूर्ण शाकाहारी घरात शिजवलेल्या काबुली चण्यांचं आटवलेलं पाणी वापरा, फक्त सांधा वाळायला जास्त वेळ द्या. भांड्याला तुपाचा अंशही नको, तो फेस मोडतो. सांध्याचं आयसिंग इतकं घट्ट हवं की चमचा उभा राहील. आपल्या कोरड्या हवेत सांधा लवकर धरतो, पण वाटीतलं आयसिंगही तितक्याच लवकर वाळतं. वर ओलं फडकं ठेवा, आयसिंग भरलेल्या पिशवीच्या नळीचं टोकही ओल्या फडक्यात.

भिंती सपाट असतानाच सजवून वाळवा. उभ्या भिंतीवर जाळं काढताना आयसिंग ओघळतं. जाळ्यासाठी काळ्या पातळ आयसिंगवर पांढरी वर्तुळं काढून, ती ओली असतानाच टूथपिकने मधून बाहेर रेघा ओढा. काळा रंग जेलचा घ्या, पाण्यासारखा रंग आयसिंग पातळ करतो. आदल्या दिवशी गडद राखाडी करून ठेवलं की रात्रभरात तो आपोआप काळा होतो, उगाच जास्त रंग ओतून कडू करावं लागत नाही.

मग फॉइल लावलेल्या ३० सेंटिमीटरच्या पाटावर भिंती उभ्या करा, आतून-बाहेरून डब्यांचा आधार द्या. छप्पर किमान चार तासांनी, रात्रभर थांबलात तर उत्तम. इतकी उभी पाखी ओल्या सांध्यावरून घसरतेच, म्हणून ती धरेपर्यंत वळचणीखाली काड्यापेट्यांचा टेकू ठेवा. आढ्यावर शेवटी जाड आयसिंग सोडा.

सजावटीला छपरावर बदामाचे काप कौलांसारखे, खालून वर लावत जा. एखाद-दोन मुद्दाम गाळा, पडझड तिथूनच दिसते. अंगणात चॉकलेट बिस्किटांचा चुरा, थडग्यांना ग्लुकोज बिस्किटं. मार्शमेलो १५ सेकंद मायक्रोवेव्हमध्ये मऊ करून बोटांनी ताणला की कोळिष्टकं मिळतात, ती हलक्या हाताने आणि थोडीच ओढा. आत सेलवरची दिव्यांची माळ, मागच्या भिंतीला तिच्या तारेपुरतं भोक आधीच ठेवलेलं. मेणबत्ती किंवा पणती कधीच नको, उष्णतेने खिडकी आणि सांधे दोन्ही मऊ होतात.

३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला, म्हणजे परदेशातल्या भुताखेतांच्या सणाला, करणार असाल, तर परतीच्या पावसाकडे लक्ष ठेवा. दमट हवेत छप्पर मधून खचतं आणि गोळ्यांच्या खिडक्या चिकट होतात. अशा वेळी घर फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर पाणी सुटतं. कोरड्या खोलीत, पंख्याखाली ठेवा. मुंग्यांसाठी पाटाखाली चार वाट्या पालथ्या घालून त्या पाण्याच्या परातीत ठेवा, पाटाला मात्र पाणी लागू देऊ नका. खायचं असेल तर दोन-चार दिवसांत मोडा, नंतर त्यावर धूळ बसते.