सायन्सच्या मॅडम व्हायचं आहे

[दृश्य: टेबलावर ॲल्युमिनियमचा गंज (पातेलं), समोरच्या मुली मागे मागे सरकतात]

हा गंज घरचा आहे, भाजीचा. तळाशी पाच रुपयांचं नाणं, मेणाचा थेंब टाकून चिकटवलेलं, कारण पाणी जोरात ओतलं की नाणं सरकते आणि मग सगळा पाठ फसतो. शिकवणाऱ्या मुलीनं समोरच्यांना सांगितलं, नाणं दिसेनासं होईपर्यंत मागे सरका. सरकल्या. आता बघा, ती हळूहळू पाणी ओतून राहिली, कोणी जागचं हललं नाही, आणि नाणं वर आलं! म्हणजे आलं नाही, दिसलं. नाण्यावरून निघालेला उजेड पाण्यातून हवेत येताना वाकतो आणि काठाआड लपलेलं डोळ्यापर्यंत पोचते. दहावीच्या पुस्तकात हा धडा आहे, प्रकाशाचे अपवर्तन, पण पुस्तकात आकृती आहे आणि इथे मागच्या बाकावरून "अरे बाप्पा" ऐकू येते.

या बसलेल्या मुली दहावीच्या नाहीत बरं का. तिच्याच वर्गातल्या आहेत, बीएडच्या. याला सूक्ष्म अध्यापन म्हणतात, पोरी नुसतं मायक्रो म्हणतात. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं काय चुकलं ते ऐकायचं, बारा मिनिटांत टाचण, म्हणजे पाठाचा लिहिलेला आराखडा, सुधारायचं, परत सहा मिनिटं शिकवायचं आणि परत सहा मिनिटं ऐकून घ्यायचं, झालं ३६ मिनिटांचं एक चक्र. आणि एका चक्रात एकच कौशल्य. एक दिवस फळ्यावर लिहिणं, एक दिवस प्रश्न विचारणं. आपल्याला वाटते मास्तरकीत काय आहे, उभं राहायचं न् बोलायचं. इथे उभं कुठं राहायचं, म्हणजे फळा झाकणार नाही, ते पण शिकवतात.

[दृश्य: पुठ्ठा, कात्री, रंगीत कागद]

ही दुसरी, गणिताची. पुठ्ठ्याचा मोठा चौरस, त्यातून एक लाल चौरस, एक निळा, आणि दोन पिवळे आयत. ए अधिक बीचा वर्ग. सूत्र आपण सगळ्यांनीच पाठ केलं आहे, पण मधले दोन एबी कुठून येते हे आमच्या कॅमेरावाल्याला हे पिवळे आयत बघेपर्यंत माहीत नव्हतं, आणि तो बीई आहे.

पुठ्ठा, कागद, स्केचपेन, मेण, भिंग, सगळं स्वतःच्या पैशानं. मेथड म्हणजे बीएडला शिकवायला घेतलेला विषय. भाषेच्या मेथडवाल्यांचं तक्त्यावर बरंच भागते, विज्ञानवाल्यांना प्रत्येक पाठाला सामान लागते. हा खर्च फीच्या पावतीत कुठेच नसते.

[दृश्य: नागपूर, गणेशपेठ बस स्टँड, सकाळ]

उमरेडकडची गाडी. एसटीत २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून रोजचं येणंजाणं परवडते, नाहीतर रूम करून राहावं लागलं असतं. मांडीवरची ती वही म्हणजे पाठ टाचण, हातानंच लिहायचं, गाडीत लिहून राहिली तर अक्षर बघा कसं आलं आहे.

[दृश्य: नेट कॅफे, स्क्रीन]

आणि हा फॉर्म. शिष्यवृत्तीचा. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेयर, रेशन कार्ड, कॅप राउंडचं (सरकारी प्रवेश फेरीचं) अलॉटमेंट लेटर, बारावी आणि बीएस्सीच्या मार्कशीट, मधे वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट, आणि आधारला जोडलेलं बँक खातं. मग फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला, तिथून खात्याकडे. हिच्या एका कागदावर वडिलांचं नाव 'राव' लावून आहे, दुसऱ्यावर बिगर 'राव'. म्हणून प्रतिज्ञापत्र. कॅफेवाल्या भाऊला सगळं तोंडपाठ आहे, कोणती फाइल किती केबीची पाहिजे ते पण, खरं सांगायचं तर हा माणूस नसता तर अर्ध्या मुलींचे फॉर्म भरलेच गेले नसते.

मिळते, नाही असं नाही. ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण ही योजना जात बघते, उत्पन्न बघते. तू गणित शिकवणार आहेस का, हा रकाना या फॉर्ममध्ये नाही.

विज्ञान बघणारी स्कॉलरशिप पण आहे, केंद्राची, इन्स्पायर. बारावीला वरच्या एक टक्क्यात आलं आणि बीएस्सी घेतली तर वर्षाला ८०,००० रुपये. एमएस्सीपर्यंत मिळते. बीएडला वळलं की नाही.

अमेरिकेत उलटं आहे. रॉबर्ट नॉयस, चिप बनवणाऱ्यांपैकी एक, इंटेल काढणाऱ्यांपैकी एक, त्याच्या नावानं तिथलं नॅशनल सायन्स फाउंडेशन शिष्यवृत्ती देते ती खास विज्ञान-गणिताचे शिक्षक होणाऱ्यांनाच. अट एक, जितकी वर्षं पैसे घेतले त्याच्या दुप्पट वर्षं गरजू भागातल्या शाळेत शिकवायचं. नाही शिकवलं तर ते पैसे कर्ज म्हणून फेडायचे. मला तर ही अट स्कॉलरशिपपेक्षा जास्त आवडली.

[दृश्य: अमरावती रोड, एलआयटीची इमारत]

आपल्याकडे देणारे नव्हते असं नाही. ही इमारत बघा. कामठीचे डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले, जाताना रसायन आणि उपयोजित विज्ञान शिकवायला नागपूर विद्यापीठाला संपत्ती देऊन गेले, १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे ही एलआयटी, उभी राहिली, आज तिचंच विद्यापीठ झालं आहे. आणि १९१० मध्ये स्वतः सी. व्ही. रमण या शहरात होते, अकाउंट्स खात्यात नोकरीला, पोटापाण्यासाठी. त्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आज गांधीसागर तलावाजवळ आहे, तिथे शाळेच्या सहलींची गर्दी असते, आपण बाहेरूनच शॉट घेतला.

बीएडच्या दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेत आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शिकवायचा सराव, पुढे टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टीएआयटी ही भरतीची परीक्षा, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. टीएआयटी पहिली २०१७ ला झाली, दुसरी थेट २०२३ ला. मधे किती जणी खाजगी क्लासेसमध्ये गेल्या ते या व्हिडिओत नाही.

[दृश्य: दोघी कॅन्टीनमध्ये]

यांना विचारलं, शिष्यवृत्तीचे किती मिळाले तर बरं होईल? मोठा आकडा सांगतील वाटलं. म्हणे, गाडीभाडं आणि सामानाचा खर्च निघाला तरी चालते दादा. तर धरमपेठेत, इतवारीत ज्यांच्या घरी आजोबांच्या नावानं ट्रस्ट आहे, दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांना पाकीट आणि पुष्पगुच्छ देता, त्यांनी यंदाच्या जाहिरातीत एक ओळ वाढवा: बीएड, विज्ञान किंवा गणित मेथड. आणि अर्ज एका पानाचा ठेवा.