पाय वाचवायचा तर वेळेत

(दृश्य : हर्णै बंदर, मासळीचा लिलाव)

ओली वाळू, फुटके शिंपले, माशांचे काटे आणि त्यातूनच चालणारे अनवाणी पाय. मधुमेह जुना असेल तर काटा रुतलेला कळतही नाही, कारण साखरेनं पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात. "दुखत नाय, मग डॉक्टरकडं कशाला?" धोका नेमका तिथंच आहे.

(दृश्य : दवाखाना, तळव्याची जखम)

वरून मटाराएवढं भोक, पण आत तळवाभर पू. सर्जन बोथट सळई अलगद जखमेत घालतात. टोक टणक हाडाला टेकलं, तर संसर्ग हाडापर्यंत गेल्याची दाट शंका येते.

ऑपरेशन म्हणजे पाय गेलाच, या भीतीनं माणसं हळद आणि पाला बांधून घरी बसतात. पाय जातो तो बहुतेकदा या बसण्यानं. वेळेत आलेल्या रुग्णाचा पू काढतात, मेलेलं मांस निरोगी, रक्ताळ मांस दिसेपर्यंत खरवडतात. कधी एखादं बोट काढावं लागतं, पण टाच राहते आणि माणूस स्वतःच्या पायावर चालतो. उशीर झाला की गोष्ट गुडघ्याखाली कापण्यावर येते.

रक्तपुरवठाही तपासावाच लागतो, घोट्याजवळची नाडी बोटांनी आणि डॉपलरनं, म्हणजे रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्रानं. रक्तवाहिनी तुंबली असेल तर फुग्यानं ती आतून उघडतात (अँजिओप्लास्टी) किंवा रक्ताला वळसा घालून दुसरी वाट काढून देतात (बायपास). रक्त पोहोचलं नाही तर कापलेलं भरणार कसं? त्यासाठी कोकणातल्या कितीतरी जणांना मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोवा गाठावं लागतं. साचलेला पू मात्र तेवढी वाट पाहत नाही. तो आधी जवळच्या सर्जनकडून काढून घ्यावा.

(दृश्य : प्लास्टर घातलेला पाय)

ऑपरेशननंतरचं पथ्य सगळ्यांत अवघड : जखमेवर भार टाकायचा नाही. सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी तमिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांच्या जखमा प्लास्टर घालून भरून आणल्या. पायाला घट्ट बसणारं तसंच प्लास्टर आज मधुमेहींनाही घालतात. भार विभागला जातो, जखमेला उसंत मिळते.

(दृश्य : आषाढ, भाताची लावणी)

पण आषाढात घरी बसणार कोण? उघडी जखम घेऊन चिखलात उतरणं म्हणजे पुन्हा ऑपरेशन टेबलावर जाणं. त्या घरची लावणी यंदा भावकीनं आणि वाडीनं उरकून द्यावी.