काळ्या फितीची हजेरी

१ नोव्हेंबर. बेळगावच्या राणी चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे, डॉल्बी, कर्नाटक राज्योत्सवाचा जल्लोष. तिकडे संभाजी उद्यानात निषेधाच्या सायकल फेरीसाठी माणसं जमतायत काळ्या कपड्यांत. दंडाला काळी फीत, सायकलला काळा झेंडा. १९५६ साली याच तारखेला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. महाराष्ट्रात जाऊ मागणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लेखी हा काळा दिन.

‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’ ही घोषणा देणाऱ्या बहुतेकांचा जन्म १९५६ नंतरचा.

सायकल फिरवून सीमा हलत नाही, हे फेरीतल्या माणसाला कुणी शिकवायला नको. हद्द बदलणं संसदेच्या हाती. सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. पण दावा सरकारचा असला तरी मागणी इथल्या माणसांची. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ साली बेळगाव म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडेच, ठेवायची शिफारस केली. आता इथले लोक गप्प बसले, तर ‘त्यांना मान्य आहे’ असंच म्हणतील ना? म्हणून दरवर्षी ही हजेरी.

हजेरी मुंबईसाठीही असते. बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की समिती महामेळावा पुकारते, महाराष्ट्रातल्या नेत्यांना बोलावते. ते हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवले जातात. खरं सांगायचं तर, पोचण्यापेक्षा अडवल्याचीच बातमी मोठी होते.

बेळगावजवळच्या हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक मात्र वेगळं काही सांगतं. जून १९८६ मध्ये गोळीबार झाला तो कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनावर. आजच्या पोरांचं गाऱ्हाणंही बरंचसं तेच : जमिनीचा उतारा मराठीत द्या, दुकानाच्या पाटीवर मराठी राहू द्या. सीमा जेव्हा सुटेल तेव्हा सुटेल, कचेरीत उद्याच जायचंय.

आणि मतं? २०१३ साली समितीचे दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. गटबाजीनं घात केला, हे समितीवालेच चहाच्या टपरीवर सांगतात. फेरीत चालणारा माणूस मत देताना रस्ता, पाणी, पोराची नोकरी बघतो. पुढच्या नोव्हेंबरला पुन्हा काळा शर्ट चढवतो. त्याला यात विसंगती वाटत नाही, आणि मलाही वाटेनाशी झालीय.

फेरी मराठा मंदिरात पोचते. आत सभा सुरू होते. बाहेर पोलीस कॅमेऱ्यात चेहरे टिपतायत. मागच्या फेरीबद्दल गुन्हे दाखल झालेले काहीजण आत बसलेत. त्यांच्याही खटल्याची तारीख पडायची आहे.