विधेयक पास झालं म्हणजे कायदा लागू झाला का?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतोय, "ताई, बिल तर पास झालं, मग लागू कधी होणार?" आज त्यावरच बोलू.

सुरुवातीचा भाग नागरिकशास्त्रात झालाय, भरभर घेते. विधेयक मांडलं जातं, वाटल्यास समितीकडे जातं, मग कलमवार चर्चा, दुरुस्त्या, मतदान. दुसऱ्या सभागृहात पुन्हा तेच. दोघांचं जुळलंच नाही तर संयुक्त बैठक. अशा बैठकीत विधेयक मंजूर झालंय ते फक्त तीनदा : १९६१, १९७८ आणि २००२. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, मात्र राज्यसभेला १४ दिवसांच्या आत परत करावं लागतं. शेवटी राष्ट्रपतींची संमती, आणि विधेयकाचा अधिनियम होतो.

बातम्यांमध्ये गोष्ट इथे संपते. घोळ इथूनच सुरू होतो.

जानेवारी २०२४ ची सुरुवात आठवा. ट्रकचालकांचा संप, पेट्रोल पंपांवर रांगा. माझ्यापुढे एक टेम्पोवाले काका होते, हातातलं किल्ल्यांचं जुडगं सारखं फिरवत होते. म्हणाले, "कुणाला उडवून पळालो तर दहा वर्षं, मान्य. पण थांबलो तर जमाव मारतो. गाडीच नको आता." मी म्हटलं, काका, तो कायदा अजून लागू नाही. तर म्हणाले, "सही झाली ना राष्ट्रपतींची?"

झाली होती, २५ डिसेंबर २०२३ ला. पण हा कायदा, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता, तिचं कलम १ उघडा. नाव सांगून झालं की खालीच लिहिलंय, केंद्र सरकार राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये, अधिसूचना काढून जी तारीख ठरवेल त्या तारखेला ही संहिता अंमलात येईल, आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळ्या तारखा ठरवता येतील. हे शेवटचं वाक्य कुणी वाचतच नाही! फेब्रुवारीत अधिसूचना निघाली : १ जुलै २०२४ पासून लागू, कलम १०६ चं पोटकलम (२) वगळून. काका ज्याला घाबरले होते, नेमकं तेच.

कमेंटमध्ये एका दादांनी ठासून लिहिलंय, "सही झाली की लागू, विषय संपला." दादा, अधिनियमात तारखेबद्दल काहीच लिहिलं नसेल तर तुमचं बरोबर. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात, म्हणजे कायदे कसे वाचायचे हे सांगणाऱ्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये, तसंच आहे. पण लिहिलं असेल तर तारीख सरकारच्या हातात. आणि सरकारनं ती काढलीच नाही तर? दिल्ली भाडे अधिनियम, १९९५. संसदेत मंजूर, राष्ट्रपतींची संमती, आणि लागू कधीच झाला नाही.

संविधानाचंही तेच. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं प्रतिबंधक स्थानबद्धतेवर, म्हणजे गुन्हा करेल या संशयावरून आधीच डांबून ठेवण्यावर, जास्त कडक मर्यादा घातल्या होत्या. त्या दुरुस्तीतलं तेवढं कलम ३ सरकारनं अंमलातच आणलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तर न्यायालयानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सांगितलं की सरकारला तारीख काढायला आम्ही भाग पाडू शकत नाही. मला हे मनापासून खटकतं. निवडून दिलेल्या खासदारांनी मत दिलं आणि ते कागदावरच राहिलं!

बरं, तारीख निघाली तरी नियम लागतात. अर्ज कुठला, कुणाकडे, कागद कोणते, हे सगळं नियमांत. नागरिकत्व सुधारणा कायदा १० जानेवारी २०२० ला अंमलात आला, नियम आले मार्च २०२४ मध्ये. मधली चार वर्षं अर्ज करणार कसा?

माहिती अधिकाराचं बघा. संमती १५ जून २००५ ला. काही कलमं लगेच लागू, बाकीची १२० व्या दिवशी, हे अधिनियमातच लिहिलेलं. म्हणून १२ ऑक्टोबरला तो लागू झाला, कुणाच्या अधिसूचनेची वाट न बघता. प्रत्येक कायद्यात अशी शेवटची मुदत असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही ज्या कायद्याची वाट बघताय, त्याच्या कलम १ मध्ये काय लिहिलंय ते खाली टाका. अधिसूचना निघाली का, ते पुढच्या व्हिडिओत राजपत्र उघडून एकेक करून बघू.