फुसाई

मागच्यांनी जरा पुढे सरका. विषय आटत्या शहराचा आहे, निदान सभागृह तरी भरलेलं दिसू दे.

तर युबारी. जपानच्या होक्काइदो बेटावरचं कोळशाचं गाव. १९६० साली तिथे एक लाख सतरा हजारांच्या आसपास माणसं राहत, २०२०च्या जनगणनेत उरली ७,३३४. तेलापुढे कोळसा हरला. १९८१ साली खाणीतल्या वायुस्फोटात ९३ जण गेले आणि १९९०मध्ये शेवटची खाण मिटली.

आता माझा आवडता भाग. जपानीत कोळशाची खाण म्हणजे 'तान्को' आणि पर्यटन म्हणजे 'कान्को'. तेव्हाचे महापौर नाकाता यांची घोषणा होती, 'तान्कोकडून कान्कोकडे!' यमक जुळलं की हिशेबही जुळला असं माणसाला वाटतं. हसू नका, आपल्याकडच्या योजनांची नावं आठवा. मग आलं कोळशाचं संग्रहालय, करमणुकीची बाग, हॉटेल, चित्रपट महोत्सव. सगळं कर्ज काढून. तिकडे आर्थिक वर्ष संपल्यावरही एप्रिल-मेमध्ये जुन्या वर्षाचे व्यवहार मिटवता येतात. त्या दोन महिन्यांत नव्या वर्षातून उसनं काढून जुन्याचं भोक बुजवायचं. इकडची टोपी तिकडे! २००६ साली बिंग फुटलं. डोक्यावर ३,५०० कोटी येनांहून जास्त बोजा. महापौरपदाचा पगार ७० टक्के कापला.

पण लोक बघा कसे! 'फुसाई' म्हणजे कर्ज, आणि 'फुसाई' म्हणजे नवराबायकोही. उच्चार एकच, लिहितात वेगळं. (विवाहितांनी कोपरानं ढोसू नये.) गावानं 'युबारी फुसाई' नावाचं फाटकं कार्टून जोडपं प्रचाराला काढलं. पैसा नाही, पण प्रेम आहे! कान्सच्या जाहिरात महोत्सवात २००९ साली त्याला ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आणि युबारीचं नावाजलेलं खरबूज? २०१९च्या पहिल्या लिलावात दोन फळं पन्नास लाख येनांना गेली, म्हणजे तीसेक लाख रुपये. हापूसच्या पहिल्या पेटीचा भाव वाचून हळहळणाऱ्यांनी...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

मुख्य मुद्दा राहिलाच. आपल्या विकास आराखड्यांत लोकसंख्येची रेघ कायम वर जाते. युबारीला ती खाली धरून आखणी करावी लागली. १७१ खाटांचं रुग्णालय १९ खाटांचा दवाखाना झालं, प्राथमिक शाळा एकच उरली. २०११मध्ये सुझुकी नाओमिची तिशीत महापौर झाले. तोट्यातली रेल्वे आज ना उद्या जाणारच, हे ओळखून २०१६ साली ते आपणहून कंपनीला म्हणाले, बंद करा, पण बदल्यात बससाठी मदत द्या. ७५ कोटी येन मिळाले. २०१९च्या मार्चअखेर शेवटची गाडी गेली. विखुरलेल्या खाणवस्त्यांऐवजी शिमिझुसावा या भागाभोवती गाव गोळा करताहेत, तिथेच बसथांबा आणि वाचनालय एका छपराखाली. हेच सुझुकी पुढे होक्काइदोचे गव्हर्नर झाले. म्हाताऱ्यांना घर बदलायला कसं राजी केलं, यावर अर्धा तास ठेवला होता, तो तान्को-कान्कोत गेला.

प्रश्न? नाही हो काका, त्या खरबुजाचं बी मी आणलेलं नाही. तिथली सहकारी संस्था ते बाहेर जाऊ देत नाही.